फोर्ट स्टिकीन: एका साध्या मालवाहू जहाजाची गोष्ट

मुंबईतल्या जुन्या माणसांना ‘गोदीतला स्फोट’ एवढे दोन शब्द पुरत. कोणता स्फोट, कधीचा, असे कोणी विचारत नसे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून सहा मिनिटे. त्या दिवशी कामावर असताना गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. स्फोटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या जहाजात तो झाला त्याच्याविषयी मात्र सहसा एकच ओळ असते: ‘फोर्ट स्टिकीन नावाचे दारूगोळ्याने भरलेले जहाज’.

ही ओळ मला नेहमी खटकते. फोर्ट स्टिकीन हे दारूगोळ्याचे जहाज नव्हतेच. ते एक साधे, संथ, कोळशावर चालणारे मालवाहू जहाज होते. त्याच्यासारखी शेकडो जहाजे त्या काळात समुद्रावर होती आणि त्यातली बरीच तोच माल, तशाच घाईत वाहून सुखरूप परत गेली. हे जहाज कसे जन्मले आणि कसे भरले गेले ते समजून घेतले, तर त्या शुक्रवारी काय झाले हे कळणे अवघड नाही.

सुरुवात ब्रिटनच्या अडचणीपासून करावी लागते. हे बेट अन्न, तेल, लाकूड, धातू असे बरेच काही समुद्रावरून आणत असे. १९४० साली जर्मन पाणबुड्या त्याची मालवाहू जहाजे इतक्या वेगाने बुडवत होत्या की ब्रिटनच्या गोद्यांना तेवढी नवी जहाजे बांधणे जमेना. म्हणून त्या वर्षी सप्टेंबरमध्ये संडरलँडचे जहाजबांधणी कारखानदार सिरिल थॉम्पसन एका साध्या जहाजाचे नकाशे घेऊन अमेरिकेला गेले. मागणी सोपी होती: आमच्या नकाशावरून आम्हाला ६० जहाजे बांधून द्या. डिसेंबरमध्ये ते परतत असताना त्यांचे स्वतःचेच जहाज, ‘वेस्टर्न प्रिन्स’, पाणबुडीने बुडवले. थॉम्पसन वाचले आणि करारही झाला. याच घराण्यातल्या नकाशांवरून पुढे कॅनडात ‘फोर्ट’ जहाजे आणि अमेरिकेत २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजे तयार झाली.

नकाशा मुद्दाम जुन्या पद्धतीचा ठेवला होता. त्या वेळी डिझेल इंजिने होती, वाफेची टर्बाइनही होती, पण टर्बाइन युद्धनौकांना हवी होती आणि ती बनवू शकणारे कारखाने मोजकेच होते. या जहाजांना तीन सिलिंडरांचे वाफेचे इंजिन बसवले. त्याची युक्ती सोपी आहे. बॉयलरची वाफ आधी लहान सिलिंडरात काम करते, जोर थोडा ओसरला की मधल्या सिलिंडरात, आणि शेवटी सर्वांत मोठ्यात जाते. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतले जाते. शक्ती सुमारे २,५०० अश्वशक्ती, वेग ताशी दहा-अकरा सागरी मैल. सपाट रस्त्यावर बरा सायकलस्वार जातो तेवढाच. पण हे इंजिन कोणताही बरा कारखाना बनवू शकत होता आणि कोणताही अनुभवी मिस्त्री दुरुस्त करू शकत होता. युद्धात ही गोष्ट वेगापेक्षा मोलाची होती.

कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, प्रिन्स रुपर्ट हे बंदर आहे. तिथल्या गोदीत १९४२ साली हे जहाज बांधून झाले. लांबी सुमारे १३४ मीटर, माल ठेवायला पाच खण. अमेरिकी लिबर्टी जहाजांचे पत्रे वेल्डिंगने जोडत, कॅनडात मात्र बहुतेक काम रिव्हेट ठोकूनच होत असे. मालिकेतल्या जहाजांना हडसन्स बे कंपनीच्या जुन्या ठाण्यांची नावे दिली जात. फोर्ट स्टिकीन हे फरच्या व्यापाराचे असेच एक ठाणे, आजच्या अलास्कातल्या रँगेल गावी. मुळात ते रशियनांनी उभारले होते आणि पुढे या कंपनीकडे आले. त्या थंड ओसाड खाडीचे नाव मुंबईत कायमचे राहिले.

या जहाजाचा मालक कोण, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. बांधले कॅनडाने. पैसे दिले अमेरिकेने, कारण ब्रिटनची डॉलरची तिजोरी रिकामी झाली होती. ‘उधार-भाडे’ योजनेत अमेरिकेने ते ब्रिटनला वापरायला दिले. ब्रिटनमध्ये ते युद्धवाहतूक मंत्रालयाच्या ताब्यात होते, आणि रोजचा कारभार पोर्ट लाइन ही खासगी कंपनी पाहत होती. तोफा होत्या, त्या चालवणारे गोलंदाज होते, तरी कायद्याच्या भाषेत ते नागरी जहाज होते आणि त्यावरची माणसे नागरिक होती. ही गुंतागुंत लक्षात ठेवावी लागते, कारण ऐन संकटात ‘हुकूम कोणी द्यायचा’ हा प्रश्न पडला तेव्हा तीच आडवी आली.

अशा जहाजांवरच्या माणसांत आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा होता. ब्रिटिश मालवाहू ताफ्यात हजारो हिंदी खलाशी होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि बॉयलरखान्यात, गोव्याचे लोक स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये, म्हणजे जहाजावरच्या भोजनकक्षात. गावातला एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, झाला की तो आपल्या गावची पोरे घेऊन जाई. युद्धात यांतले सहा हजारांहून अधिक जण समुद्रातच राहिले. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे, आणि त्याच्या दारावरून रोज जाणाऱ्या मुंबईकरांनाही ते माहीत नसते याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता जहाजाच्या पोटाकडे येऊ. जहाजाविषयी वाचताना ‘टन’ हा शब्द हमखास घोळ घालतो. फोर्ट स्टिकीन ७,१४२ टनांचे होते असे सर्वत्र छापलेले दिसते. हे वजन नव्हे. हा आकार आहे: जहाजाच्या आतल्या बंद जागेचे घनफूट मोजायचे, त्याला शंभराने भागायचे आणि त्या उत्तराला ‘टन’ म्हणायचे. प्रत्यक्षात असे जहाज माल, कोळसा, पाणी, माणसे धरून सुमारे दहा हजार टन वजन पेलत असे.

हा हिशेब हाताशी असला की एक चूक लगेच पकडता येते. फोर्ट स्टिकीनवर कापसाच्या ८७,००० गाठी होत्या असे अनेक ठिकाणी लिहिलेले सापडते. दाबून बांधलेली गाठ साधारण १७५ किलोची. म्हणजे ८७,००० गाठींचे वजन पंधरा हजार टनांच्या वर जाते. एवढा कापूस घेऊन जहाज धक्क्यापासून हललेच नसते. दुसरा आकडा ८,७०० गाठींचा आहे, म्हणजे सुमारे १,५०० टन, आणि तोच पटतो. कुठेतरी एक शून्य जास्त पडले आणि ते पुढे सगळ्यांनी उतरवून घेतले.

शेवटच्या सफरीला जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात १,३९५ टन युद्धसामग्री होती: तोफगोळे, पाणतीर (टॉर्पेडो), सुरुंग, बॉम्ब. त्यातली २३८ टन सर्वांत नाजूक वर्गातली होती. शिवाय पेट्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ लगडी. प्रत्येक लगड पावणेतेरा किलोच्या आसपास, म्हणजे दीड टनाहून अधिक सोने. हे सोने महागाईने खचलेल्या रुपयाला आधार द्यायला येत होते. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझ असा काफिल्यातला प्रवास करून जहाज कराचीला पोहोचले.

सगळे बिघडले ते कराचीत. काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धकाळात रिकामी जागा घेऊन जहाज पुढे पाठवणे हा जवळजवळ गुन्हा मानला जाई. दुसऱ्या बाजूला, सिंध-पंजाबचा कापूस रेल्वेने मुंबईला आणायला तेव्हा बंदी होती, कारण गाड्या लष्कराला हव्या होत्या. व्यापाऱ्यांपुढे समुद्राखेरीज वाट नव्हती. म्हणून त्या मोकळ्या जागेत कापूस भरला. सोबत वंगणतेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंडही चढले. कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ यांनी या मिश्रणावर लेखी हरकत नोंदवली. जळेल किंवा फुटेल असे जवळपास सगळेच या जहाजात आहे, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. हरकत कागदावर राहिली आणि माल जहाजात राहिला.

या हरकतीमागे खलाशांचा जुना अनुभव होता. खण म्हणजे एक मोठी खोली नसते. मध्ये लोखंडी मजला असतो, तळाचा भाग वेगळा आणि वरचा वेगळा. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात कापूस खाली होता आणि स्फोटके त्याच्या वर. साधा माणूस म्हणेल, कापूस तो काय, मऊ. पण जहाजावर कापसाची भीती तेलाइतकीच असते. गाठ इतकी दाबलेली असते की तिला लागलेली आग भडकत नाही, ती आतल्या आत धुमसत राहते. तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला पुरते. बाहेर धूर दिसेपर्यंत आग आत खोल गेलेली असते, आणि नेमकी कुठे ते कळत नाही. कापूस पाण्यावर तरंगतो, ही दुसरी गोष्ट त्या दिवशी घातक ठरली.

१२ एप्रिलला फोर्ट स्टिकीन मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. पूर्वीचा नियम असा की स्फोटके असलेले जहाज गोदीत आणायचेच नाही. त्याने बाहेर, बंदराच्या खुल्या पाण्यात नांगर टाकायचा आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या मालवाहू होड्यांतून, उतरवायचा. त्याला दिवस लागतात. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपानी फौजा इंफाळपर्यंत भिडल्या होत्या आणि दारूगोळा तातडीने हवा होता, म्हणून युद्धकाळात हा नियम शिथिल केला गेला. जहाजावर धोक्याचा लाल बावटाही नव्हता. आजूबाजूला उभ्या जहाजांना आपल्या शेजारी काय आहे याची कल्पना नव्हती. एवढ्या घाईने आत घेतलेल्या जहाजातला सर्वांत धोकादायक माल मात्र लगेच उतरला नाही. दोन दिवसांनंतरही तो बहुतांश पोटातच होता.

१४ तारखेच्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार परतले तेव्हा दुसऱ्या खणातून धूर येताना दिसला. शेजारच्या जहाजांवरच्या काहींनी तो आधीच पाहिला होता. पण शेजारच्या जहाजाचा धूर कळवायला कोण जातो? दोनच्या सुमारास धावपळ सुरू झाली. बंब आले, आग विझवणाऱ्या बोटी आल्या, जहाजाचे स्वतःचे पंप लागले. नऊशे टनांहून अधिक पाणी खणात ओतले गेले. आगीचे मूळ सापडेना. धूर इतका की खाली उतरता येईना. जहाजाच्या बाजूचा पत्रा एके ठिकाणी इतका तापला की त्यावरच्या रंगाला फोड आले, आणि तेव्हा कळले की आग तिथे मागे असणार.

इथे कापसाचे तरंगणे आडवे आले. पाणी तळात साचले तशा जळत्या गाठी त्याच्यावर उचलल्या गेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांजवळ सरकू लागल्या. आग विझवायला घातलेले पाणीच आगीला वर नेत होते. बंबवाल्यांची यात चूक म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता, आणि खणाचे तोंड बंद करून आग गुदमरवायची म्हटली तरी अशी धुमसणारी आग शांत व्हायला दिवस लागतात. त्यांच्याकडे दोन तास होते, आणि तेही कोणाला माहीत नव्हते.

पर्यायांवर चर्चा झाली. जहाज ओढून समुद्रात न्यावे का? जागीच बुडवावे का? पण गोदीत पाणी एवढे खोल नव्हते की वरच्या मजल्यावरची स्फोटके बुडतील, आणि बाहेर काढायला वेळ हवा होता. शिवाय निर्णय कोणी घ्यायचा? गोदी पोर्ट ट्रस्टची, दारूगोळा लष्कराचा, आग अग्निशमन दलाची, जहाज कप्तानाचे. प्रत्येकाला आपापले काम माहीत होते. सगळ्यांच्या वरून ‘आता हे करा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. माझ्या मते त्या दुपारची खरी शोकांतिका ही आहे. तिथे भित्रा कोणी नव्हता. ३.५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला, तरी बंबवाले नळ्या धरून उभेच होते.

४.०६ ला पहिला स्फोट झाला. युद्धातली तीव्र स्फोटके नुसती जळतात तेव्हा फार तर मोठी आग होते. पण बंदिस्त जागेत त्यांची उष्णता आणि दाब एका मर्यादेपलीकडे गेला की जळणे थांबते आणि त्याची जागा आघाताची लाट घेते. ती आवाजापेक्षा कितीतरी पट वेगाने उरलेल्या सगळ्या साठ्यातून जाते, आणि सगळा साठा जवळजवळ एकाच क्षणी फुटतो. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे चौदाशे किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. सिंदिया कंपनीचे जवळपास चार हजार टनांचे ‘जलपद्म’ जहाज जवळच उभे होते. त्याची मागची बाजू लाटेने उचलून धक्क्यावरच्या शेडवर टेकवली. त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. लोक विचारतात, दोन का? कारण स्फोटके दोन ठिकाणी होती, दुसऱ्या आणि चौथ्या खणात, आणि मध्ये इंजिन-बॉयलरचा भाग होता. पुढचा अर्धा भाग उडाला तेव्हा मागचा तुटून बाजूला पडला आणि पेट घेऊन जळत राहिला. मधल्या वेळात जखमींना उचलायला धावलेली माणसे दुसऱ्या स्फोटात सापडली.

कापूस आता पेटलेला, हवेत. त्याचे जळते गोळे मांडवी आणि मस्जिद बंदरच्या दाट वस्तीवर, धान्याच्या गोदामांवर पडले. सोन्याच्या लगडीही उडाल्या. एक तर जवळपास मैलभर दूर एका घराचे छप्पर फोडून आत पडली, आणि घरमालकाने ती सरकारजमा केली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. नेमका सांगता येत नाही, कारण गोदीत रोजंदारीवर येणाऱ्यांची पूर्ण नोंद कोणाकडे नव्हती. रत्नागिरी, सातारा, घाटावरची, देशावरची कितीतरी माणसे त्या दुपारी तिथे पाठीवर ओझे वाहत होती. त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. तेरा जहाजे नष्ट झाली, आणि त्यांत फोर्ट स्टिकीनच्याच घराण्यातले ‘फोर्ट क्रेव्हिए’ही निकामी झाले.

युद्धाच्या सेन्सॉरमुळे बातमी दाबली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली, आणि आपल्या वर्तमानपत्रांना छापायची मुभा मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्याच शहरात काय झाले हे मुंबईकरांना महिनाभर शत्रूच्या रेडिओवरून आणि एकमेकांच्या तोंडून कळत होते. घातपाताच्या अफवा त्याच काळात रुजल्या आणि अजून ऐकू येतात. चौकशीत घातपाताचा पुरावा निघाला नाही. आग अपघाताने लागली, बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे, असा निष्कर्ष होता. मला विडीपेक्षा त्याच चौकशीने मांडलेल्या बाकीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: असे जहाज गोदीत घेणे, आणि स्फोटकांच्या सोबत कापूस रचणे. विडी रोजच कुठेतरी पडत असणार.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर आठ हजार माणसांनी सात महिने खपून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. जहाजाचे म्हणावे असे काही उरले नव्हते. सोन्याच्या बऱ्याच लगडी सापडल्या, पण सगळ्या लगेच नाही. गोदीची खोली राखण्यासाठी गाळ काढत असताना त्या पुढेही अधूनमधून वर येत राहिल्या. त्यातली एक फेब्रुवारी २०११ मध्ये सापडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच गाळातून पंचेचाळीस किलोचा एक तोफगोळा निघाला. तो अजून जिवंत होता.